इंत्रूज : उपवासाच्या उंबरठ्यावरचा लोकोत्सव
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठी वाचनालयाच्या शतकमहोत्सवात ख्रिस्ती समाजाच्या सणाचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर कणकुंबीच्या भूगोलातच आहे. आपले गाव पाणलोटाच्या माथ्यावर वसले आहे. येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला मिळावयास जाते. आणि शेजारच्याच कळसा नाल्याचे पाणी म्हादईत मिसळून, पुढे मांडवी या नावाने, पणजीपाशी समुद्रास मिळते. पाण्याप्रमाणे माणसेही चोर्ला घाटातून पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करीत आली. घाटाखालचा शिगमो आपण आपला मानतो. परंतु त्याच्या आगेमागेच येणारा इंत्रूज मात्र ‘परक्यांचा धिंगाणा’ म्हणून सोडून देतो. ही समजूत अपुरी आहे, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

प्रथम नावाचा विचार करू. इंत्रूज हा शब्द पोर्तुगीज ‘एंत्रूदु’वरून आला. त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून अर्थ आहे ‘प्रवेश’. हा प्रवेश कोरेज्ममध्ये, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, करावयाचा असतो. राखेच्या बुधवारी भाविकांना राख लावून या काळाचा आरंभ होतो. मधले रविवार वगळता तो चाळीस दिवसांचा. मांसाहारावर बंधने येतात, लग्नकार्ये थांबतात, प्रार्थना आणि दानधर्म यांवर भर दिला जातो. या बुधवारच्या आधीचे दोन-तीन दिवस म्हणजे इंत्रूज. ‘कार्निव्हल’ या प्रचलित शब्दाची फोडही बहुधा ‘मांस दूर सारणे’ अशीच केली जाते.

आपल्याला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. श्रावण लागण्यापूर्वीची आषाढ अमावास्या घरोघर कशी साजरी होते, हे आपण सारे जाणतो. देवघरापुढे दिव्यांची पूजा होते आणि चुलीवर सामिष रांधले जाते. लोक तिला ‘गटारी’ म्हणतात, कोणी त्या शब्दामागे ‘गताहार’ पाहतात. व्युत्पत्ती पटो वा न पटो, मनुष्यस्वभाव एकच दिसतो. जो समाज एकत्र संयम पाळतो, तो संयमाच्या दारात एकत्र जेवून, हसून घेतो. प्रयोजनाच्या दृष्टीने इंत्रूज ही ख्रिस्ती समाजाची आषाढ अमावास्या आहे.

रूपाच्या दृष्टीने पाहिले, तर मात्र तो शिमग्याचा सख्खा भाऊ ठरतो. दोघांचे गणित चंद्रावर चालते. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारी पडतो. त्यापासून सेहेचाळीस दिवस मागे मोजले, की राखेचा बुधवार येतो. त्यामुळे इंत्रूज बहुधा माघ अमावास्येच्या आसपास आणि होळी त्यानंतर सुमारे पंधरवड्याने येते. २०२३ साली अमावास्या २० फेब्रुवारीला होती, इंत्रूजचा मंगळवार २१ फेब्रुवारीला, आणि होळी ६ मार्चला. अधिक मासाच्या फेऱ्यामुळे काही वर्षी हे अंतर महिन्याने वाढते, इतकेच. पीक घरात आलेले असते आणि उन्हाळा पुरता तापलेला नसतो. अशा निवांत दिवसांत दोन्ही समाजांत सोंगे निघतात, पुरुष स्त्रीवेष घेतात आणि एकमेकांवर पीठ, रंग, पाणी उडविले जाते.

सासष्टी तालुक्यातील चांदर गावाचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. इंत्रूजच्या दिवसांत येथील ख्रिस्ती चारडो मंडळी ‘मुसळ खेळ’ करतात. पायांत घुंगरू बांधून, हातातील मुसळे जमिनीवर ठोकीत, ती ताल धरून नाचतात. गीतात हरिहर राजाचा उल्लेख येतो आणि त्याचा संबंध विजयनगरशी जोडला जातो. चांदर म्हणजे प्राचीन चंद्रपूर, गोव्याच्या कदंबांची राजधानी. याच कदंबांचे दुसरे राजधानीचे ठिकाण म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यातील हलशी, आणि तेथील भूवराह नरसिंहाचे बाराव्या शतकातील मंदिर त्यांच्याच काळचे. म्हणजे ज्या भूमीत हे मुसळ वाजते, तिचा आणि आपला इतिहास एकाच राजवटीखाली घडला आहे.

हे टिकले कसे, याचाही विचार केला पाहिजे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनची स्थापना झाली. १७३६ च्या फर्मानाने धर्मांतरितांच्या अनेक जुन्या चालींवर, दाराशी तुळस लावण्यावरही, बंदी घातली. देवळे गेली, नावे बदलली. परंतु उपवासापूर्वीच्या दोन-तीन दिवसांची मोकळीक खुद्द पोर्तुगीज समाजालाच मान्य होती. त्या मोकळ्या जागेत जुन्या नाचाला आसरा मिळाला. म्हणून ‘इंत्रूज सर्वस्वी पोर्तुगीज’ हे म्हणणे जसे अपुरे, तसेच ‘तो वेष पालटलेला शिमगाच’ हे म्हणणेही अपुरे. दिवस समुद्रावरून आले. त्या दिवसांत काय करावयाचे, हे येथील मातीने ठरविले.

इंत्रूजचे दुसरे लेणे म्हणजे ‘खेळ’. घुमट, म्हादळे आणि कांसाळे यांच्या साथीने गावकरी वाड्यावाड्यांवर छोटी प्रहसने करीत. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, अंगणात खेळ उभा राही आणि त्याच्यासारख्याच भाटकाराची त्यात टर उडविली जाई. एरवी मान खाली घालून उभा राहणारा मुंडकार त्या दिवसांत धन्यासमोर बोलून घेई. आणि धन्याला ते हसून ऐकावे लागे, वर बिदागीही द्यावी लागे. शिमग्याच्या सोंगाला आपल्याकडे हाच परवाना असतो. पुढे हे खेळ रंगमंचावर गेले आणि ‘खेळ-तियात्र’ हा स्वतंत्र नाट्यप्रकार उदयास आला.

आता पणजीकडे वळू. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात ओसरलेल्या या उत्सवाला १९६५ साली, म्हणजे गोवा मुक्तीनंतर चौथ्या वर्षी, मिरवणुकीचे रूप मिळाले. किंग मोमो नावाचा विनोदी राजा आणि त्यामागे सजविलेले चित्ररथ असा हा थाट ब्राझीलमधील रिओच्या धर्तीवरचा. खुद्द ब्राझीलमध्येही रस्त्यावरचा जुना पिठापाण्याचा ‘एंत्रूदु’ एकोणिसाव्या शतकात बंदीहुकुमांनी आणि नव्या मिरवणुकींनी मागे सारला होता. गोव्यात पुढे पर्यटनाचा आश्रय आला, प्रायोजक आले. उपवासाशी नाते तुटल्याची तक्रार तेथील चर्चने वेळोवेळी केली आहे. शिगमोच्या शासकीय मिरवणुकीतही चित्ररथ आहेत, बक्षिसे आहेत. दोन भावांचे नशीबही सारखेच निघाले!

मी मिरवणुकीचा वैरी नाही. तिने कलावंतांना रोजगार दिला, तरुणांना उत्साह दिला. परंतु मिरवणुकीत माणूस कडेला उभा राहून पाहतो. खेळात तो स्वतः सामील होतो, आणि ज्याची थट्टा व्हावयाची तो समोर बसलेला असतो. उपवास पाळणारा समाजच नसेल, तर उपवासाच्या आदल्या रात्रीला अर्थ तो काय उरला? आणि ज्याला बोलण्याची इतरत्र सोय नाही, त्याला बोलू देणारा दिवसच हरपला, तर केवळ रंग आणि वाद्ये शिल्लक राहून काय लाभ?

म्हणून या शतकमहोत्सवी वर्षात वाचनालयाने एक काम हाती घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. आपल्या पंचक्रोशीतील शिमग्याची नमने, फाग आणि सोंगांचे संवाद वृद्धांच्या तोंडून उतरवून घ्यावेत. आणि त्याच कपाटात, खानापूर-बेळगाव भागातील कॅथलिक कुटुंबांच्या आठवणीतले इंत्रूजचे खेळही नोंदवून ठेवावेत. ही गीते छापलेल्या पुस्तकांत क्वचितच सापडतात; ती गाणाऱ्यांच्या कंठात असतात, आणि गाणारे वर्षागणिक कमी होत आहेत. सभासदांनी वह्या आणि वेळ द्यावा, आश्रयदात्यांनी ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलावा. शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या संस्थेला हे काम जड जाऊ नये.