प्रोस्टेट ग्रंथी आणि आहारातील जस्त



मनीषनगरातील आपल्या या मंचावर आज आम्ही असा विषय घेतला आहे की, ज्यावर वडीलधारी मंडळी घरातही बोलत नाहीत.

मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. साठीनंतर ती बहुधा वाढते व रात्री लघवीला वारंवार उठावे लागते. ही ग्रंथी पुरुषी संप्रेरकावर पोसली जाते. तिच्या कर्करोगालाही तेच संप्रेरक खतपाणी घालते, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखविले. त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोगी प्रोस्टेटमध्ये जस्त भरपूर साठलेले असते. कर्करोग झाल्यावर ते घटते. म्हणून 'जस्ताच्या गोळ्या घ्या, रोग टळेल' असा समज पसरला. पण अमेरिकेतील २००३ च्या एका पाहणीत रोज १०० मिलिग्रॅमहून अधिक जस्त गोळ्यांतून घेणाऱ्यांमध्ये वाढलेल्या अवस्थेतील कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून जास्त आढळले. सेलेनियम या दुसऱ्या खनिजाचीही तीच गत झाली. १९९६ च्या अभ्यासाने आशा दाखविली. परंतु पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीत लाभ दिसेना, म्हणून २००८ साली गोळ्या थांबविल्या गेल्या. संप्रेरक आणि कर्करोगकारक रसायन दिलेल्या उंदरांनाही सेलेनियमने वाचविले नाही, असे २०१० साली प्रसिद्ध झाले.

मग जस्त नकोच काय? अवश्य हवे, पण ताटातून. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषासाठी रोज १७ मिलिग्रॅमची शिफारस केली. ज्वारी, हरभरा, मटकी, तीळ, अंडी व मांस यांतून ते मिळते. कडधान्ये भिजवून मोड आणली की जस्त अधिक अंगी लागते.

ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. गोळ्यांच्या जाहिरातीलाही हीच कसोटी लावावी. अभाव नको, अतिरेकही नको. हाच मध्यम मार्ग.

बंधूंनो, लघवीची धार बारीक झाली, लघवी अडली किंवा तीत रक्त दिसले, तर लाजू नका. गोळ्यांच्या भरवशावर वाया गेलेले महिने परत मिळत नाहीत. आपल्या नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कर्करोग रुग्णालये आहेत. विद्यार्थ्यांनो, आपल्या वडिलांना, आजोबांना तुम्हीच विचारा आणि तपासणीला सोबत घेऊन जा. एवढे झाले तरी आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.

नमो बुद्धाय! जयभीम!