धर्मनिरपेक्षता आणि आपले साहित्य
(बीड जिल्ह्यातील नवदीक्षित कुटुंबांसमोर केलेले भाषण)



"देश धर्मनिरपेक्ष आहे, मग साहित्यिकाने धर्माविषयी लिहावे कशाला?" असे आपणांस ऐकविले जाते. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांपासून मराठी साहित्य धर्मच बोलत आले. तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. आपण बोलू लागलो की ती आठवते!

वकील या नात्याने मी प्रथम शब्दाचा अर्थ सांगतो. धर्मनिरपेक्ष म्हणजे निधर्मी नव्हे. हा शब्द उद्देशिकेत १९७६ साली आला. परंतु सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य अनुच्छेद २५ ने १९५० पासूनच दिले आहे. राज्याला स्वतःचा धर्म नसावा. नागरिकाला मात्र तो निवडता यावा आणि सोडताही यावा.

या स्वातंत्र्याची किंमत आपण मोजली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली, तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. महाराष्ट्राने आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राचा कायदा बदलला तो १९९० साली. मधल्या चौतीस वर्षांत किती बापांनी मन मारून शाळेत मुलाचा धर्म 'हिंदू' असा लिहिला असेल! राज्य धर्मनिरपेक्ष, आणि सवलत मात्र धर्म विचारून!

ही घुसमट कायद्याच्या ग्रंथांत सापडत नाही. ती साहित्यात सापडते. बाबूराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली आले. जात लपवून जगणाऱ्याची कोंडी त्यात आहे. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये कोकणातील आपल्या समाजाचे जिणे स्त्रीच्या नजरेने दिसते. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेहून 'अस्मितादर्श' चालविले आणि मराठवाड्यातील लिहित्या हातांना हक्काचे घर मिळाले. धर्माच्या नावाने झालेल्या अन्यायाचा जाब विचारणारे हे साहित्य धर्मनिरपेक्षतेच्या विरोधी नाही. तेच तिचे खरे रक्षण करते.

आता घरातील गोष्ट. आज धर्माच्या रकान्यात निर्भयपणे 'बौद्ध' लिहा. त्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. पूर्वजातीचा पुरावा मात्र जपून ठेवा. तो आपली ओळख नव्हे, झालेल्या अन्यायाचा दस्तऐवज आहे. आणि त्याच पेटीत ही पुस्तकेही ठेवा. दाखला मुलाला हक्क मिळवून देईल. तो हक्क मागावा का लागला, हे पुस्तक सांगेल.

जय भीम!