खड्डा आधी उकरा

भिलाईच्या पावर हाउस चौकातून जी. ई. रोडला लागणाऱ्यांना खड्ड्यांचे वर्णन मी ऐकवायला नको. बोलायचे आहे ते खड्डे स्वस्तात बुजवण्याविषयी.

स्वस्त म्हटले की सगळे मालाचा दर विचारतात. अहो, गाडी, मजूर, अडवलेली वाहतूक यांचा खर्च दर खेपेला नव्याने होतो. एकच खड्डा पावसाळ्यात चारदा बुजवला, तर स्वस्त मालही महागच पडला.

आपल्या विदर्भाकडच्या घरांत मातीच्या जमिनीला खळगा पडला की आजी काय करायची? वरून माती लोटायची? छे! आधी काठ घट्ट लागेपर्यंत उकरायची, सुटी माती काढायची. आत शेणकाल्याचा हात द्यायची, थोडी थोडी माती घालून धुमसाने चोपायची आणि मग सारवायची. डांबरी रस्त्याचेही तेच. खड्डा चौकोनी कापा, काठ उभे ठेवा, सुटी खडी झाडून काढा, पातळ डांबराचा हात द्या, थरांनी भरा, प्रत्येक थर दाबा, कडा बंद करा. फरक एवढाच, की मातीला ओल लागते आणि गरम डांबराला कोरडी जागा. ओल्या खडीला ते धरतच नाही.

माल तर आपल्या दारात आहे. इथल्या पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीची स्लॅग, म्हणजे धातुमळी, जवळच्या जामुलला सिमेंटमध्ये जाते. पोलाद करताना निघणारी स्लॅग रस्त्याला चालते. सुरतजवळ हजिऱ्याला २०२२ मध्ये तिचा सहापदरी रस्ता झाला, दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तंत्राने. याच संस्थेचे ‘इकोफिक्स’ हे स्लॅगचे मिश्रण पाणी साचलेल्या खड्ड्यातही भरता येते. मात्र ढिगावरची ताजी स्लॅग उचलून टाकू नका. तिच्यातला मोकळा चुना पाण्याने फुगतो आणि रस्ता उचलतो. ती मुरवलेली, प्रक्रिया केलेलीच हवी. आणि माल कोणताही असो, सुटी खडी आधी काढायचीच!

मदुराईच्या प्राध्यापक वासुदेवन यांनी टाकाऊ प्लॅस्टिक गरम खडीवर चढवून डांबर टिकाऊ केले, तेही सविस्तर सांगायचे होते. पण वेळ संपत आला. म्हणून मुख्य गोष्ट पुन्हा सांगते. तुमच्या गल्लीत खड्डा बुजवायला माणसे आली, की त्यांना प्यायला पाणी द्या आणि तिथेच उभे राहून विचारा: खड्डा कापला का? झाडला का? दाबणार कशाने? उत्तर नीट मिळाले नाही, तर त्याच दिवशी नगर निगमाला लेखी कळवा.