एक लिपी, एक संकेत
(वार्षिक संमेलनातील भाषण)



पूर्वी पायली-शेराचे माप गावोगाव निराळे असे. १९५६ च्या कायद्याने देशभर मेट्रिक मापांचा पाया घातला गेला व व्यवहार सुलभ झाला. संगणकावरील मराठीचीही हीच कथा आहे. फाँटाफाँटांचे अक्षरसंकेत भिन्न असत. एकात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडताच निरर्थक चिन्हे उमटत. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व देवनागरी वर्णांना निश्चित क्रमांक लाभले; 'क' चा क्रमांक २३२५. आज ही व्यवस्था संगणकात व मोबाईलमध्ये सिद्धच असते. त्यामुळे प्रोग्रामरास अक्षरे घडविण्यात श्रम वेचावे लागत नाहीत. आपली बुद्धी तो नव्या कार्यास लावू शकतो. तयार पायावर घर बांधण्यात कमीपणा कसला?

परंतु आपल्या ज्ञातीच्या कित्येक वंशावळी अद्याप जुन्या फाँटांतच आहेत. ते फाँट नाहीसे झाल्यास पूर्वजांची नावे असूनही वाचता येणार नाहीत. तरी तरुणांनी त्या युनिकोडमध्ये आणाव्यात. रूपांतरात रफार व जोडाक्षरे बिघडण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक नाव वडीलधाऱ्यांकडून तपासून घ्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.