तंजावूरची छत्रे आणि पोरक्या मुलांचे शिक्षण

तंजावूरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयाला वैभव देणाऱ्या सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी तेथेच 'नवविद्या कलानिधी शाला' चालवली; परंतु त्यांच्या शिक्षणविचारातील करुणा विशेष दिसते ती छत्रांत, म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंना जातिभेद न करता अन्न, निवारा व औषध देणाऱ्या धर्मशाळांत. 1801 साली इंग्रज रेसिडेंटला, म्हणजे दरबारातील ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रतिनिधीला, लिहिलेल्या पत्रात राजांनी नमूद केले की, छत्रात आलेल्या परक्या वाटसरूंची पोरकी मुले तेथील शिक्षकाच्या स्वाधीन केली जातात, त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण मिळते आणि शिकण्याची ओढ असल्यास विद्याही दिली जाते. 1802 मध्ये ओरत्तनाडू येथे उभारलेल्या मुक्तांबाळ छत्रानेही अन्नदानाला विद्यादानाची जोड दिली.

आश्रयाला आलेल्या मुलांना शिकवण्याचा असाच प्रयत्न याच प्रदेशात अलीकडच्या काळातही दिसला: 1983 नंतर श्रीलंकेतून तमिळनाडूत आलेल्या निर्वासितांच्या, म्हणजे जिवाच्या भीतीने देश सोडावा लागलेल्यांच्या, मुलांना सरकारी शाळांत प्रवेश मिळाला, तर 1984 मध्ये निर्वासितांनीच स्थापलेल्या 'ऑफर' या संस्थेने छावण्यांत शिकवणीवर्ग चालवले. आश्रयाला आलेल्या मुलाला अन्नाइतकाच अक्षरांचाही हक्क आहे, हे दोन्ही काळांतील प्रयत्नांमागचे तत्त्व आजही तितकेच अनुकरणीय आहे.