पेहरावातले नवे कल आणि स्वतःची शैली

एखादा रंग, साडीचा काठ, बाहीचा आकार किंवा दागिना आधी मोजक्या लोकांच्या अंगावर दिसतो, मग दुकानाच्या दर्शनी भागात येतो आणि वर्षा-दोन वर्षांत लग्नाच्या मांडवात जिकडेतिकडे दिसू लागतो. या प्रवासाला फॅशनचा कल किंवा रोजच्या बोलण्यात ट्रेंड म्हणतात. काही कल एका लग्नसराईत संपतात. त्या नुसत्या लाटा असतात. काही वीस-पंचवीस वर्षे टिकतात आणि पुढच्या पिढीला परंपराच वाटू लागतात. शैली ही या दोन्हींहून वेगळी गोष्ट आहे. चालू कलांतून आणि जुन्या ठेव्यातून एखादी व्यक्ती जे निवडून कायम वापरते, ती तिची शैली. म्हणून कल ओळखणे आणि शैली घडवणे या दोन कामांची रीत निराळी आहे.

फॅशन ही मोठ्या शहरांची गोष्ट आहे, असा समज सर्वत्र आढळतो. जालना जिल्ह्याचा इतिहास पाहिला, तर तो टिकत नाही. आजचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. प्रतिष्ठान म्हणजे पैठणहून उज्जयिनीकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे हे गाव होते आणि भोगवर्धनच्या दात्यांची नोंद सांचीच्या शिलालेखांत आहे. १९७३ साली येथे झालेल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या अवशेषांत १९३८ साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे जवळचे साम्य आहे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोहोचली होती. तिच्या हातांत मनगटापासून वरपर्यंत बांगड्या आहेत, पायांत जाडजूड वाळे आहेत, कमरेला मेखला आहे आणि दोन्ही बाजूंच्या दासी प्रसाधनाची पात्रे घेऊन उभ्या आहेत. त्याच शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर म्हणजे तेर या बाजारपेठांतून भडोचच्या बंदराकडे माल जात असल्याची नोंद आहे. त्यात तेरचे साधे कापड आणि तलम मलमलही होती. सजण्याची रीत आणि कापड या दोन्ही गोष्टी दोन हजार वर्षांपूर्वीही या भागातून बाहेर जात होत्या.

नवी गोष्ट समाजात कशी पसरते, याचा शास्त्रीय अभ्यास मात्र कपड्यांवरून सुरू झाला नाही. त्याचा एक पाया बियाण्यांवर घातला गेला, आणि जालन्याच्या लोकांना हे उदाहरण लगेच कळेल. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रायन आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी २५९ शेतकऱ्यांकडून माहिती घेऊन मक्याचे संकरित बियाणे त्यांच्यात कसे पसरले, ते तपासले. १९४३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या काही वर्षांत अगदी थोड्यांनी हे बियाणे पेरले, नंतर एकदम बहुसंख्यांनी घेतले आणि शेवटी दोघे सोडून सगळे त्याकडे वळले. बियाण्याची पहिली माहिती सर्वाधिक जणांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पण ते पेरण्याच्या निर्णयावर सर्वांत जास्त प्रभाव शेजाऱ्यांचा होता. पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ सालच्या आपल्या पुस्तकात याचा नियम मांडला. नवे करून पाहणारे सुमारे अडीच टक्के, त्यांच्यामागून लवकर येणारे साडेतेरा टक्के, मग ३४ टक्के, पुन्हा ३४ टक्के आणि शेवटचे १६ टक्के. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि हे शहर बियाण्यांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. संकरित बियाणे आधी कोणाच्या शेतात दिसते आणि मग गावभर कसे होते, हे इथल्या जुन्या शेतकऱ्यांनी स्वतः पाहिलेले आहे.

कपड्यांचा प्रवास याच वाटेने होतो. दूरचित्रवाणी, चित्रपट, मोबाइल हे विक्रेत्याच्या जागी असतात. ते नवी गोष्ट दाखवतात. विकत घेण्याचा निर्णय मात्र नणंदेच्या, मैत्रिणीच्या किंवा कार्यालयातल्या सहकाऱ्याच्या अंगावर ती गोष्ट पाहिल्यावर होतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०४ साली फॅशनची दुसरी बाजू सांगितली होती. माणसाला चारचौघांसारखे दिसायचे असते आणि चारचौघांत उठूनही दिसायचे असते. फॅशन या दोन्ही इच्छा एकाच वेळी पुरवते. म्हणूनच एखादी गोष्ट सगळ्यांच्या अंगावर आली, की पहिल्यांदा ती घेणारे तिच्यातून बाहेर पडतात. बियाणे आणि कपडे यांच्यातला फरक इथे आहे: चांगले बियाणे सगळ्यांनी पेरले म्हणून कोणी सोडत नाही.

महाराष्ट्रातल्या अलीकडच्या तीन उदाहरणांवरून कलांचे तीन प्रकार दिसतात.

पहिले उदाहरण दागिन्याचे. झी मराठीवर २०१३ ते २०१६ या काळात ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका चालली. तिच्यातल्या जान्हवीचे तीन पदरी मंगळसूत्र इतके गाजले, की सराफांकडे बायका त्याच नावाने ते मागू लागल्या. मालिका संपली तशी ती मागणी ओसरली. एका पात्राला बांधलेली ही लाट होती.

दुसरे उदाहरण नवरात्रातल्या नऊ रंगांचे. विशिष्ट दिवशी विशिष्ट रंग नेसण्याची ही प्रथा आज अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या दर्शनाच्या रांगेतही दिसते आणि सरकारी कार्यालयांतही. अनेकांना ती फार जुनी वाटते. प्रत्यक्षात तिचा आजचा प्रसार या शतकाच्या सुरुवातीला ‘महाराष्ट्र टाइम्स’ या दैनिकाने रंगांचा क्रम छापून वाचकांची छायाचित्रे मागवली, त्यानंतरचा आहे. हा क्रम मुख्यतः वारांच्या रंगांवर बेतलेला आहे: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा. हा कल टिकला, कारण त्यासाठी काही नवे विकत घ्यावे लागत नाही. कपाटातलीच साडी त्या दिवशी बाहेर येते आणि एका रंगात उभे राहण्याचा आनंद फुकट मिळतो.

तिसरे उदाहरण खणाचे. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्ड येथे विणले जाणारे हे अरुंद पन्ह्याचे कापड पिढ्यान्‌पिढ्या चोळीसाठी आणि देवीची ओटी भरण्यासाठी वापरले गेले. गेल्या काही वर्षांत त्याच विणीच्या साड्या निघाल्या, मग कुर्ते, जाकिटे, पर्स, कानातले, लहान मुलींची परकर-पोलकी. इथे वस्तू जुनीच राहिली आणि वापर बदलला. असे कल सहसा सावकाश विरतात, कारण त्यांच्यामागे आधीची ओळख असते.

व्यावसायिक पातळीवर कलांचा अंदाज बांधणे हा स्वतंत्र उद्योग आहे. पॅरिसमध्ये १९७३ पासून ‘प्रीमिएर व्हिजन’ हे कापडाचे प्रदर्शन भरते आणि तिथे पुढच्या हंगामाचे रंग व पोत आधीच मांडले जातात. भारतात राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, १९८६ साली सुरू झाली. याच संस्थेच्या ‘व्हिजननेक्स्ट’ या उपक्रमाने २०२४ मध्ये ‘परिधि’ नावाचे भारतीय कलांचे पुस्तक काढले. परदेशी अंदाजांत साडी, सणवार आणि लग्नसराई यांचा विचार नसतो. ती उणीव भरून काढणे हा त्यामागचा हेतू आहे.

जिल्ह्याच्या गावात राहणाऱ्याला मात्र अशा पुस्तकाची गरज नसते. कल जिथे आधी दिसतात, अशा चार जागा हाताशी असतात. पहिली जागा बस्त्याची. लग्नाचा बस्ता बांधताना एकाच कुटुंबातल्या तीन पिढ्या एका गादीवर बसून निवड करतात. कोणती साडी उलगडली जाते, कोणती बाजूला ठेवली जाते आणि आजी, आई, नवरी या तिघींचे एकमत कशावर होते, यावरून पुढच्या वर्षाचा अंदाज येतो. दुसरी जागा लेडीज टेलरची. पफ बाही, बोट नेक, प्रिन्सेस कट, आरी वर्क यांची मागणी आधी तिथे पोहोचते, कारण साडी तीच ठेवून ब्लाउज बदलणे स्वस्त पडते. तिसरी जागा सराफ्यातली. जुना दागिना मोडून नवा घडवताना लोक काय मागतात, ते तिथे कळते. चौथी जागा गर्दीची: राजूरच्या गणपतीला अंगारकीला लोटणारा समुदाय किंवा महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन.

पाहताना नोंद ठेवण्याच्या बाबीही ठरलेल्या आहेत. एकच रंग किंवा आकार एकमेकांशी संबंध नसलेल्या वस्तूंत दिसतो का? साडीतली पोपटी छटा चपलेत आणि बांगडीतही आली असेल, तर कल जोर धरतो आहे. ती गोष्ट महागड्या आणि स्वस्त अशा दोन्ही दुकानांत आहे का? वेगवेगळ्या वयाच्या बायका ती वापरतात का? आणि सर्वांत महत्त्वाचे, एकदा घेतलेल्याने ती दुसऱ्यांदा घेतली का? पहिली खरेदी कुतूहलाने होते, दुसरी सोयीने. ज्या वस्तूची दुसरी खरेदी होत नाही, ती लाट समजावी.

स्वतःच्या शैलीसाठी प्रेरणा शोधताना दूर जाण्याआधी जवळचे पाहणे फायद्याचे ठरते. शेजारच्या पैठणची पैठणी हे त्याचे मोठे भांडार आहे. तिचे रंग पाहिले, तरी रंगसंगतीचा धडा मिळतो: काळ्या अंगाला लाल काठ असलेली चंद्रकळा, पोपटी राघू, पांढरे शिरोदक, शिवाय उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे घेऊन साधलेली धूपछाँव. मोर, मुनिया, कमळ, असावली हे नक्षीचे नमुने आज कागदापासून भिंतीपर्यंत सगळीकडे उतरले आहेत. अस्सल हातमागाच्या पैठणीत नक्षीचे रंगीत धागे एकमेकांत गुंतवून विणले जातात, त्यामुळे पदराची उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते. यंत्रमागावरच्या सेमी पैठणीत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. जालन्याचा या साडीशी आता धाग्याचाही संबंध आहे. २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी-विक्री सुरू झाली. त्याआधी मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना कोष घेऊन कर्नाटकातल्या रामनगरला जावे लागे.

अजिंठ्याच्या चित्रांत पाचव्या शतकातले पट्ट्यांचे आणि हंसांच्या नक्षीचे कापड दिसते. अंगाबरोबर शिवलेल्या चोळ्याही दिसतात. मराठवाड्यातल्या वृद्ध स्त्रियांच्या अंगावरचे इरकली लुगडे साध्या सुती अंगाला ठसठशीत काठ आणि लाल पदर देते. रोजच्या कामाला चालेल आणि तरीही उठून दिसेल, असे ते वस्त्र आहे. बंजारा तांड्यांवरची फेटिया म्हणजे घागरा आणि कांचळी म्हणजे चोळी आरसे, कवड्या आणि रंगीत टाक्यांनी भरलेली असतात. गडद रंग एकमेकांशेजारी कसे ठेवावेत, हे त्यांच्याकडून शिकता येते. पुरुषांच्या पेहरावातही पांढरा नेहरू शर्ट आणि पायजमा यांचा साधेपणा अजून टिकून आहे, कारण तो उन्हाला आणि समारंभाला सारखाच चालतो.

या सगळ्यातून स्वतःची निवड करण्याची रीत साधी आहे. आधी कपाट रिकामे करून वर्षभरात खरोखर वापरलेले कपडे वेगळे काढावेत. त्यांत पुन्हापुन्हा येणारे रंग, गळे, बाह्या आणि कापड लिहून ठेवावे. हीच त्या व्यक्तीची आजची शैली असते, मग तिला ती माहीत असो वा नसो. न वापरलेल्या कपड्यांचेही कारण लिहावे: घट्ट आहे, टोचते, धुवायला अवघड, की फक्त दुसऱ्याच्या अंगावर छान दिसले होते.

त्यानंतर हवामान आणि काम यांचा विचार येतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या जिल्ह्यात सुती कापडाला पर्याय नाही. कृत्रिम धाग्याचे कापड झटपट वाळते, पण घाम शोषत नाही. शिक्षिकेला दिवसभर उभे राहायचे असते, तर दुचाकीवर जाणारीला पदर किंवा ओढणी सांभाळायची असते. रंगासाठी सकाळच्या उजेडात कापड चेहऱ्याजवळ धरून पाहावे. दुकानातल्या दिव्याखाली दिसलेला रंग बाहेर तसाच दिसेल, याचा भरवसा नसतो.

किमतीचा हिशोबही वापरावरून मांडावा. पाच हजारांची साडी दोनदा नेसली, तर प्रत्येक वेळचा खर्च अडीच हजार पडतो. पंधराशेचा कुर्ता पन्नास वेळा घातला, तर तीस रुपये. नवा कल आवडलाच, तर तो आधी छोट्या वस्तूत आजमावावा. खणाची साडी घेण्याआधी खणाचा ब्लाउज शिवून पाहावा; गडद रंग आवडतो का, हे ओढणीवरून ठरवावे. टेलरकडे जाताना नुसते छायाचित्र दाखवण्यापेक्षा अंगाला नीट बसणारा मापाचा ब्लाउज न्यावा आणि त्यात कोणता एक बदल हवा, ते सांगावे. दाबात कापड सोडायला सांगितले, तर तोच ब्लाउज पुढे उसवून वाढवता येतो. जुन्या साडीचा काठ काढून कुर्त्याला लावता येतो. आईची किंवा आजीची साडी नव्या ब्लाउजवर नेसली, तर जुने वस्त्र आणि चालू कल यांचा मेळ एकाच पेहरावात बसतो, आणि त्यासाठी खर्च फक्त शिलाईचा येतो.