रंगाऱ्यांच्या गावाचे जगज्जेतेपद

स्कॉटलंडमधील लॉख लोमंड हे सरोवर प्रसिद्ध आहे; परंतु त्यातून निघून डंबार्टनपाशी क्लाइड नदीस मिळणारी लेव्हन नदी फारशी कोणाच्या परिचयाची नाही. तिची लांबी पाच-सहा मैलांचीच. पण पाणी मोठे मृदू, आणि सुती कापडास पक्का लाल रंग चढवावयाचा तर असेच पाणी लागते. म्हणून एकोणिसाव्या शतकात तिच्या काठी मोठमोठ्या रंगशाळा भरभराटीस आल्या. पूर्वी मंजिष्ठाच्या मुळापासून आणि पुढे रासायनिक द्रव्यापासून सिद्ध होणाऱ्या या रंगास ‘टर्की रेड’ म्हणत. मोरांच्या नक्षीचे ते लालभडक कापड आगबोटींतून मुंबईच्या बंदरात उतरे आणि येथील बाजारांत हातोहात खपे.

ते कापड रंगविणाऱ्यांचे एक गाव म्हणजे रेंटन. वस्ती काही हजारांची, आणि बहुतेकांची चूल रंगशाळेच्या मजुरीवर पेटणारी. आठवडाभर वाफेत आणि ओल्यात राबलेल्या या तरुणांना शनिवारी दुपारनंतर मोकळीक मिळे. 1872 साली त्यांनी फुटबॉलचा संघ काढला. पुढल्याच वर्षी स्कॉटिश चषकाची स्पर्धा प्रथम सुरू झाली, तेव्हा तीत उतरलेल्या 16 संघांत रेंटनचे नाव होते. 1875 साली ते अंतिम सामन्यापर्यंत पोचले व हरले. 1885 साली मात्र शेजारच्याच व्हेल ऑफ लेव्हन संघास नमवून त्यांनी चषक घरी आणला.

1888 हे त्यांच्या भाग्याचे वर्ष. फेब्रुवारीत कॅम्बसलँगवर सहा गोलांस एक असा विजय मिळवून त्यांनी दुसऱ्यांदा चषक जिंकला. तिकडे इंग्लंडचा चषक वेस्ट ब्रॉमिच आल्बियन या संघाने पटकावला होता. दोन्ही विजेत्यांची गाठ 19 मे रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर पडली. वादळी पावसाच्या माऱ्यात रेंटनने चार गोलांस एक अशी बाजी मारली. त्या काळी या बेटांबाहेर फुटबॉल नावारूपास आलाच नव्हता. तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या टॉन्टिन पार्क मैदानावर ‘संयुक्त राज्याचे व जगाचे विजेते’ अशी पाटी लावली, तीत अतिशयोक्ती म्हणावी तरी किती?

परंतु ज्या विजयाने गावाचे नाव झाले, त्यानेच गावाचे पैलवान बाजारात आणले. इंग्लंडमध्ये खेळाडूस उघड वेतन देण्याची मुभा 1885 सालीच मिळाली होती. स्कॉटलंडात ती 1893 पर्यंत नव्हती, तरी पडद्याआडचे व्यवहार चालतच. त्याच 1888 च्या मे महिन्यात ग्लासगोच्या नव्या सेल्टिक संघाने पहिला सामना खेळला. त्यात संघाचा पहिला गोल करणारा नील मॅकॅलम आणि मधल्या फळीचा आधारस्तंभ जेम्स केली हे दोघेही रेंटनचे वीर होते. हजारो प्रेक्षक जमविणाऱ्या शहरापुढे खेड्याची थैली कोठवर पुरणार?

दैवाचा खेळ असा, की शहरांचे हे बळ ज्या व्यवस्थेने कायमचे झाले, तिचे निमंत्रण रेंटनहूनच निघाले. 1890 च्या मार्चमध्ये रेंटनचे चिटणीस पीटर फेअर्ली यांनी इतर संघांस पत्रे धाडली आणि त्यातून स्कॉटिश लीग जन्मास आली. क्वीन्स पार्क हा जुना हौशी संघ मात्र, अशाने लहान संघ मरतील, या भीतीने दूर राहिला. आरंभीच्या अकरा संघांत तीन एकट्या लेव्हनकाठचे होते.

पाचच सामने झाले आणि रेंटनवर गंडांतर आले. एडिंबरोचा सेंट बर्नार्ड्स संघ छुपे वेतन दिल्याबद्दल निलंबित असता, नाव पालटून आलेल्या त्याच संघाशी रेंटन खेळले, असा ठपका येऊन त्यांना काढून टाकण्यात आले. पुढल्या मोसमात ते परतले खरे. पण गेलेला जोम परतला नाही. 1894 साली त्यांची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. तरीही 1895 मध्ये हा संघ पुन्हा चषकाच्या अंतिम सामन्यात उभा राहिला आणि दोन गोलांस एक असा हरला. हरविणारा संघ होता तोच सेंट बर्नार्ड्स! 1897 साली चार सामन्यांनंतर रेंटनने लीग सोडली. पुढे पंचवीस वर्षे कसाबसा तग धरून 1922 मध्ये संघ मावळला.

आज टॉन्टिन पार्कच्या जागी घरे आहेत. 1888 चा तो जगज्जेतेपदाचा चषक हॅम्पडनच्या फुटबॉल संग्रहालयात ठेवलेला आहे. ज्या गावाने लीगची हाक प्रथम दिली, त्याला तीत स्वतःचे स्थान राखता आले नाही. रेंटनच्या रंगाऱ्यांनी दूरदेशीच्या कापडास असा रंग दिला की तो धुतल्याने जाऊ नये. स्वतःच्या मैदानास मात्र तसा पक्का रंग चढविणे त्यांच्या हाती उरले नव्हते.